बोटांवरच्या रेघा

आजोबांना जे शहर बघायचं होतं ते सरहद्दीपलीकडच्या वाळवंटात होतं, आणि ते कुणी बांधलेलं नव्हतं, डोंगरातून कोरून काढलेलं होतं. आजोबा जन्माचे पाथरवट. दगडाची भुकटी त्यांच्या छातीत इतकी साठली होती की जिन्याच्या प्रत्येक वळणावर थांबावं लागे. शहरात शिरायला अरुंद घळीतून बरंच चालावं लागतं, तिथं गाडी जात नाही. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं, "जायचं तर याच हिवाळ्यात. पुढच्या हिवाळ्याला तुमच्याच्यानं एवढं चालवणार नाही."

तयारी नातीनं अंगावर घेतली होती. नकाशा भिंतीला लागला, पिशवी भरली गेली, नवे बूट आले.

"व्हिसाचा पत्ता नाही आणि बूट आले. आधी कळस मग पाया," आजी म्हणाली.

"अगं, ते शहर तसंच कोरलंय. वरून खाली," आजोबा म्हणाले.

व्हिसाच्या कार्यालयात आजोबांनी यंत्राच्या काचेवर बोटं ठेवली. पडद्यावर नुसते करडे डाग उमटले. जन्मभर दगड हाताळून बोटांवरच्या रेघा झिजून गेल्या होत्या.

"हातांना आराम द्या, आजोबा," खिडकीतली बाई म्हणाली. "नवी कातडी आली की रेघा दिसतात. महिनाभरानं या."

आजीनं छिन्न्या आणि हातोडे ट्रंकेत टाकून कुलूप लावलं. रोज संध्याकाळी ती त्यांच्या बोटांना मलम चोळायची. "लग्नानंतर पहिल्यांदाच तुमचा हात मऊ लागतोय," ती म्हणायची. आजोबा नातीकडे बघून डोळे मिचकावायचे. आणि खरंच, खिडकीपाशी बोट तिरपं धरलं की बारीक रेघा दिसू लागल्या होत्या.

मग नातीनं विचारलं, "वरून कोरताना माणूस उभा कुठं राहतो?"

प्रश्न चांगला होता. आजोबांनी समजावलं, आधी कड्यात एक पायरी खोदायची. तिच्यावर उभं राहून वरचं काम संपवायचं. मग खाली दुसरी पायरी खोदायची आणि पहिली छाटून टाकायची.

"म्हणजे आपलीच जागा आपण कापायची?"

"हो. शेवटी जमिनीवर उतरायचं."

तिला काही ते दिसेना. दार उघडं राहावं म्हणून एक मऊ दगड तिथं टेकवलेला होता. आजोबांनी तो मांडीवर घेतला आणि ते जुन्या पेचकसानं वरून खाली उकरायला लागले. आजीनं बघितलं. छिन्नी नाही, हातोडा नाही. करमतंय तर करमू दे, असं तिला वाटलं. कळस झाला, खांब झाले, दार झालं. मग ओली वाळू घेऊन ते बोटानं घासायला बसले, कित्येक दिवस. कुठं खडबडीत राहिलंय ते डोळ्याला कळत नाही, बोटालाच कळतं. हातोड्यानं बोटं जाड होतात, पण रेघा झिजतात त्या घासण्यानंच. ही गोष्ट त्यांना कुणी सांगावी असंही नव्हतं. पण घासण्याला त्यांनी कधी काम म्हणून मोजलंच नव्हतं.

दुसऱ्या खेपेला पडद्यावर डागसुद्धा धड उमटले नाहीत. बाईनं काच पुसून पुन्हा बघितलं.

"आता वरून परवानगी मागवावी लागेल. उन्हाळा उजाडेल."

"उन्हाळ्यात नको. वाळवंटातल्या उन्हात माझा श्वास पुरायचा नाही," आजोबा म्हणाले.

घरी परतताना जिन्यावर ते पहिल्या वळणापर्यंतही न पोचता खाली बसले. नात शेजारी टेकली.

"मी विचारलं नसतं तर?"

"विचारायचंच असतं. चूक माझ्या हाताची."

"तिथं दाराच्या आत काय आहे?"

"रिकामी खोली. पण छतावर छिन्नीचे घाव तसेच आहेत म्हणतात. कोरणारा डावखुरा होता का, कुठं दमला, सगळं त्यावरून कळलं असतं मला."

वर गेल्यावर तिनं तो दगड उचलला आणि त्याच्या दारात करंगळी घातली. आतून सगळं गुळगुळीत होतं. घाव एकही लागला नाही.

आजीनं ट्रंकेचं कुलूप काढून किल्ली आजोबांसमोर ठेवली. त्यांनी ती उचलली नाही. ते अजून श्वास जमवत होते.