छत्रीवर वाळलेली आमसुलं

मित्रांनो, आमच्यात वय वर्षांनी मोजत नाहीत, हवेत काढलेल्या तासांनी मोजतात. मी तीनशे तासांची एक जुनी छत्री आहे. पावसात डोक्यावर धरतात ती नव्हे हं! पॅरामोटरची. माणूस पाठीला मोटर आणि पंखा बांधतो, लांब दोऱ्यांनी मला जोडतो आणि धावत सुटतो. मी त्याच्या डोक्यावर उभी राहिले तर दोघं उडतो. नाही राहिले तर तो नुसताच धावतो आणि गुराखी हसतात.

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात झाला. पातळ नायलॉनचे दोन थर, मधे कप्पे, पुढून कप्प्यांची तोंडं उघडी. त्यातून वारा आत शिरला की मी फुगते. वारा हेच माझं जेवण. कापडातून वारा गळायला लागला की माझं संपलं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मला आणलं हुसेनचाचांनी. चाचा मूळचे नाटे या बंदरगावचे. वडिलांची मच्छीमारीची होडी होती. चाचा आखातात नोकरीला गेले आणि तिथे उडायला शिकले. परत आल्यावर पावस गावाच्या वर, सड्यावर म्हणजे कातळाच्या माळावर गवताची एक लांब पट्टी साफ करून त्यांनी नवशिक्यांना शिकवायला सुरुवात केली.

काय दिवस होते! एकदा एक घार माझ्याशी शर्यत लावायला आली. दमली बिचारी. माझ्याच पाठीवर बसली आणि झोपली. आम्ही तिला गणेशगुळ्यापर्यंत सोडून आलो. आणि नाट्याच्या बंदरावरून जाताना कुणाच्या तव्यावर सुरमई आहे नि कुणाच्या बांगडा, ते मी वरूनच सांगायची. खोटं वाटतंय? वाटू दे. चाचाही नाहीच म्हणतात.

पण शिकवण्याची गोष्ट निघाली की मी थापा मारत नाही. नवशिक्याला पहिले पंधरा दिवस चाचा मोटर देतच नाहीत. नुसती मी आणि वारा. मला डोक्यावर उभं करायचं, धरून ठेवायचं, पाडायचं, पुन्हा उभं करायचं. पोरं कंटाळतात. "चाचा, उडायचं कधी?" चाचा म्हणतात, "जमिनीवर हिला सांभाळता येत नाय, वर ती तुला काय सांभाळणार?" आणि उडायचं ते सकाळी, जमिनीकडून मंद मतलई वारा येतो तेव्हा. दहानंतर समुद्राचा खारा वारा सुटला की घरी जाऊन न्याहारी करायची.

चाचांची आणखी एक रीत. उडण्याआधी शिकणाऱ्याने माझ्यावर हात ठेवायचा आणि मागच्या वेळेपासून मला काय काय झालं ते सांगायचं. त्यांच्या वडिलांच्या होडीवर जाळ्याचं असंच होतं. ज्याच्या हातून जाळं फाटलं त्याने होडी सुटायच्या आधी सांगायचं. सांगितलं की कुणी ओरडायचं नाही, सगळ्यांनी मिळून शिवायला बसायचं.

गेल्या मे महिन्यात अक्षया शिकत होती. पावसची मुलगी, लोट्याला एका कारखान्यात नोकरी. रविवारी तेवढी सुट्टी. सगळं शिकून झालं होतं, राहिली होती एकटीची पहिली भरारी. चाचा म्हणाले, "पुढच्या रविवारी. नाहीतर मग पावसाळा लागेल, दिवाळीपर्यंत थांबावं लागेल." घडी घालायचा सराव कर म्हणून त्यांनी मला तिच्याबरोबर घरी पाठवलं. तिने घडी घातली, पिशवी पडवीत ठेवली आणि ती लोट्याला गेली.

तिच्या आईचं नाव गोदा. गोदाने पिशवी उघडली. एवढं मोठं, गुळगुळीत, शेंदरी कापड! तिच्याकडे कोकमाची सालं वाळवायची होती. मीठ लावलेली, रसात बुडवलेली. चार दिवस मी भर उन्हात, तापलेल्या कातळावर, अंगावर आमसुलं घेऊन पडून होते. शनिवारी संध्याकाळी अक्षया आली आणि किंचाळलीच.

"आये! काय केलंस हे?"

"काय केलं? बघ तरी, आमसुलं कशी झालीत! खाली माती नाय, वर माशी नाय."

"अगो, ही चाचांची छत्री!"

"मग? छत्रीला काय ऊन लागत नाय?"

अक्षयाने मला विहिरीवर नेलं, कपड्यांचा साबण लावला आणि ब्रशने खसाखसा घासलं. शेंदरी कापडावर लाल डाग काही दिसेना. पण मित्रांनो, उन्हाने आधीच मला जाळलं होतं. मीठ आणि ब्रशने उरलंसुरलं काम केलं.

सकाळी साडेसहाला सड्यावर मतलई छान वाहत होती. चाचा म्हणाले, "ठेव हात. सांग."

अक्षयाने हात ठेवला. "काही नाही झालं, चाचा."

मोटर सुरू झाली. ती धावली. मी अर्धी वर आले आणि तिच्या मागेच लोंबकळले. "वर बघ! वर बघ गो! पाय सुटेपर्यंत बैठकीत बसू नको!" चाचा ओरडत होते. पट्टी संपली की पुढे उतार आणि खाली माडांची बाग. तिने वर बघितलं, मोटर बंद केली आणि थांबली.

मी मुद्दाम अडून बसले, असं सांगायला मला फार आवडेल. पण नाही. माझ्यात जीवच नव्हता.

"वारा कमी पडला," चाचा म्हणाले. "चल, परत लाव. आजच होऊन जाऊ दे."

तिला हेच हवं होतं. तिने मला पुन्हा पसरलं. दोऱ्या सरळ केल्या. हेल्मेट नीट केलं. मग वाकून माझ्यावर हात ठेवला, आणि तो काही उचलेना.

"चाचा, मी खोटं बोलले." तिने सगळं सांगितलं. आमसुलं, साबण, ब्रश, सगळं.

चाचांनी माझं कापड ओठांना लावलं आणि फुंकर मारली. ती आरपार जाऊन अक्षयाच्या गालाला लागली.

"लागली?"

"लागली."

चाचा माझ्याजवळ बसले आणि दोऱ्या गोळा करायला लागले. ओरडले नाहीत. "हिचं झालं," ते म्हणाले. "तुझं नाय झालं. दिवाळीनंतर ये."

दुपारी गोदा आमसुलांची पिशवी घेऊन हजर. "हुसेनभाऊ, चुकलं माझं. ही घ्या. तुमच्याच छत्रीवरची आहेत. अशी आमसुलं गावात दुसऱ्या कुणाची नायत हो."

चाचांनी ती घेतली. सोलकढी झकास झाली म्हणे.

दिवाळीनंतर चाचांनी माझा एक लांब तुकडा कापला, त्याची बाही शिवली आणि बांबूवर टांगली. आता मी वारा कुठून येतो ते दाखवते. अक्षया नवी निळी छत्री पसरून उभी होती. तिच्यावर हात ठेवून ती म्हणाली, "चाचा, आईने परवा पिशवी उघडली. नुसती बघितली म्हणते. एका दोरीत काडी अडकली होती, ती मी काढली. बाकी ठीक." चाचांनी दोरी बघितली आणि मान डोलावली.

तिने माझ्याकडे पाहिलं. मी वारा दाखवला. ती धावली, पाय सुटेपर्यंत धावली, बसायची घाई केली नाही, आणि माडांच्या वरून निघाली. खाली अंगणात गोदा दोन्ही हात हलवत होती. एका हातात सूप होतं.

तर मित्रांनो, उडायला याल तेव्हा मला बघा, वारा विचारा. माझी घारीची गोष्ट खरी मानू नका, हवी तर तुम्हीही अशी एखादी ठोकून द्या. पण खाली उतरल्यावर. वर जायच्या आधी हात ठेवा आणि जे झालं असेल ते सांगा.