न कापलेल्या नूडल्स

चार वाजता हियाला अग्नी द्यायचा होता, आणि मला काम दिलं होतं आईला नूडल्स खायला नेण्याचं.

हिया म्हणजे थोरला भाऊ. आम्ही थायलंडमधल्या राजबुरीचे चिनी, चार पिढ्या इथेच गेल्या. मूल आधी गेलं तर आईबापांनी त्याच्या अंत्यविधीला जायचं नाही, ही आमच्यातली रीत. तीन दिवस हिया विहारात पेटीत होता, रोज संध्याकाळी भिक्खू मंत्र म्हणत होते, अख्खा बाजार फुलांची चक्रं घेऊन येऊन गेला. आई मात्र दहा मिनिटांच्या अंतरावर घरात बसून लसूण सोलत होती. मंगळवारी सकाळी हिया तिच्या हातात संत्र्यांची पिशवी देऊन आपल्या दुकानात गेला, ते तिचं शेवटचं बघणं. दुकानातच त्याचं हृदय बंद पडलं. अठ्ठावन्न हे काय जायचं वय आहे?

निर्णय आपेचा. आपे म्हणजे वडिलांचे मोठे भाऊ. वय चौऱ्याऐंशी, पण घरात अजून त्यांचाच शब्द चालतो.

"गिम, तू एकटी आहेस. ना नवरा, ना पोरंबाळं. तूच बस आईजवळ. लांब कुठेतरी ने, हलकंसं काही खायला घाल. सहाच्या आत परत आणू नकोस."

"आपे, माझाही भाऊ होता तो."

"म्हणूनच तुला सांगतोय. परक्याला सांगू का?"

असे बोलले की पुढे बोलायची सोय नसते. बिनलग्नाच्या बाईचा भाऊ थोडा कमी मरतो, असं आमच्या घरात सगळ्यांना वाटत असावं. मी अंगातला काळा शर्ट उतरवला, निळा घातला आणि आईला आणायला गेले.

ती तयार होऊन बसली होती. फुलाफुलांचा झंपर, केस चापून बांधलेले, डोळे कोरडे.

"तो काळा शर्ट पिशवीत घाल," ती म्हणाली. "एसीत थंडी वाजते तुला."

घातला. वाद घालायची ताकद नव्हती.

आधी तिला हमरस्त्यावरच्या मॉलमध्ये नेलं. खालच्या मजल्यावर नूडल्सचं स्वच्छ दुकान आहे, बसायला गुबगुबीत बाकं आहेत. आई दारातूनच मागे फिरली. "इथला रस्सा पाकिटातला असतो."

"मग शर्ट कशाला घ्यायला लावलास?"

"गाडी काढ."

मग बसस्टँडजवळचं माशाच्या गोळ्यांचं दुकान. आई गाडीतून उतरलीच नाही. "ती बाई फार चौकशा करते." हे खरं होतं. पुढे नदीकाठचं बदकवालं. "बदक नको."

"गेल्या महिन्यात दोन वाडगे खाल्लेस की!"

"आज नको."

सव्वातीन वाजले होते. आमच्या गावात नूडल्सची दुकानं पहाटे उघडतात आणि दुपारी आवरायला लागतात, त्यामुळे निवड करायला फारसं उरलंही नव्हतं. माझा तोल गेला. "मा, साधं खायला निघालोय! सून बघायला नाही निघालो!"

आई खिडकीबाहेर बघत राहिली. असल्या दिवशी आईवर ओरडले म्हणून माझीच मला लाज वाटली.

"जे बुईकडे जाऊ," ती म्हणाली.

मी गाडी कडेला घेतली. जे म्हणजे ताई. जे बुईचं नूडल्सचं दुकान विहाराच्या फाटकाच्या बरोबर समोर. मध्ये फक्त रस्ता, आणि अग्नी विहारातच द्यायचा होता.

"नाही."

"का?"

"तुला माहितीये का."

"नूडल्स खायच्यात गं मला. रीत काय नूडल्सनाही लागू आहे?"

मला वाटलं, तिला बघायचंय. तिथे बसून धूर बघायचाय. आपे काय म्हणतील याची मला भीती होती, आणि तिचं काय होईल याची त्याहून जास्त. पण तिने पुन्हा विनवलं नाही, नुसती मांडीवर हात ठेवून बसली. ते हात बघून मी गाडी वळवली.

जे बुई चूल बंद करत होती. आम्हाला बघून तिने आच पुन्हा मोठी केली. आईने खुर्ची ओढली आणि रस्त्याकडे पाठ करून बसली. समोर भिंत, भिंतीवर तांदळाच्या व्यापाऱ्याचं कॅलेंडर. मी तिच्या समोर बसले, म्हणजे विहार मलाच दिसत होता. फाटकात आमचीच माणसं, काळ्या कपड्यांत.

दोन वाडगे आले. पिवळ्या नूडल्स, माशाचे गोळे, वरून तळलेला लसूण. आईला खालचे दात नाहीत. पाच-सहा वर्षं झाली, दुकानवालेच तिच्या नूडल्स कात्रीने कापून देतात. जे बुईने सवयीने कात्री आणली. आईने वाडग्यावर हात आडवा धरला.

"आज नको."

मग मला विचारलं, "किती वाजले?"

"पावणेचार."

"शर्ट घाल."

मी पिशवीकडे बघितलं.

"घाल तो काळा शर्ट आणि जा. रस्ता ओलांडला की झालं. मी जायचं नाही, ते कळतं मला. बहिणीने जाऊ नये असं कुठल्या रीतीत आहे? ते त्या म्हाताऱ्याचं डोकं."

"आणि तू?"

"मी काय पळून जातेय? जे बुई आहे इथे."

"मग सकाळीच का नाही सांगितलंस? अख्खं गाव फिरवलंस मला!"

"सकाळी सांगितलं असतं तर तू आपेला विचारायला गेली असतीस. भित्री आहेस तू." मी शर्टाची बटणं लावली. तिने हात लांब करून माझी कॉलर सरळ केली. "माझं नाव घेऊ नकोस तिथे. फूल एकच ठेव. तुझं."

मी रस्ता ओलांडला. फाटकात आपेनी मला बघितलं, तोंड उघडलं, आणि मिटलं. मी रांगेत उभी राहिले, अग्नीआधी प्रत्येकाने पेटीवर ठेवायचं ते लाकडाच्या पातळ सालीचं चंदनफूल घेतलं, पायऱ्या चढले आणि ठेवलं. पेटीशेजारी हियाचा फोटो होता, गेल्या वर्षी फुकेतला काढलेला, उन्हाने डोळे बारीक झालेले. आईचं नाव मी घेतलं नाही. नुसतं सांगितलं, "समोर जे बुईकडे बसलोय. तू असतास तर रश्श्यात तीन चमचे साखर ओतली असतीस." आणि मग मला जे रडू आलं ते वहिनीने धरून खाली आणेपर्यंत थांबलं नाही.

परत आले तेव्हा आई तशीच भिंतीकडे तोंड करून बसली होती. एक नूडल ओठांत धरून ती हळूहळू आत ओढत होती. न चावता, न तोडता. हनुवटीवरून रस्सा ओघळत होता. बऱ्याच वेळाने ते टोक आत गेलं, तेव्हा कुठे तिने श्वास घेतला.

"झालं?"

"झालं."

"तुंगला दोन वर्षांचा असताना मीच कापून द्यायचे," ती म्हणाली. हियाचं नाव तिने तीन दिवसांत पहिल्यांदा घेतलं. "कात्रीने, बारीक बारीक. दुकानात गिऱ्हाईक असायचं, पोराचं लवकर खाऊन होऊ दे म्हणून. सासू ओरडायची, अख्खी नूडल खाऊ दे, आयुष्य लांब होतं. मी म्हणायचे, तुम्ही भरवा मग."

"मा, त्याचं हृदय..."

"माहितीये मला. डॉक्टरने सांगितलंय." तिने माझा वाडगा माझ्याकडे सरकवला. "तू खा. तोडू नकोस. एवढंच ऐक माझं. आता तू एकटीच आहेस."

तिच्या खांद्यावरून मला विहाराचं धुराडं दिसत होतं. धूर निघायला लागला होता, पातळ, जवळजवळ पांढरा. तिने मान वळवली नाही आणि मीही काही सांगितलं नाही.

मी काड्या उचलल्या. अर्धा तास रश्श्यात पडून नूडल्स फुगल्या होत्या. काडी लागली की आपोआप तुटत होत्या. आई माझ्या तोंडाकडे बघत होती, डोळ्याचं पातं न लववता. मी दोन्ही हातांनी वाडगा उचलला, आत काय चाललंय ते तिला दिसू नये म्हणून थेट तोंडाला लावला आणि जमेल तेवढ्या मोठ्या आवाजात ओढायला लागले.

"तुटली नाही ना?" तिने विचारलं.

"नाही," मी म्हटलं.