लाल कोबीवरची मच्छरदाणी

मी एक जुनी मच्छरदाणी आहे. मित्रांनो, कारखान्यात माझ्या जाळीला डास मारायचं औषध लावलं आणि गठ्ठ्यात कोंबून मला कुरखेड्याकडच्या एका जंगलातल्या गावी पाठवलं. गावच्या आशा कार्यकर्त्या बुधरीताईंनी मला सुकरीच्या हाती दिलं. तिने मला लेकीच्या, करिश्माच्या खाटेवर टांगलं. "हिच्यात झोपली का पोरीले ताप शिवत नाई," असं ती शेजारणींना सांगायची, तेव्हा मी फुलून जायचे.

यंदा करिश्माने शाळेतून लाल कोबीची रोपं आणली. न्हाणीचं पाणी जातं तिथे तिने वाफा केला. वांग्यासारखी जांभळी पानं बघून शेजारणी हसल्या, "कोबी कुजली का काय वं?" पण पोरीचा जीव त्या रोपांत गुंतला होता. पुढे अळ्या पडल्या आणि पानांची चाळणी झाली. करिश्मा रडकुंडीला आली.

"माय, मच्छरदाणी टाकू का कोबीवर?"

"टाक. थंडीत कायचे आले मच्छर!" सुकरी म्हणाली.

बांबूच्या कमट्यांवर मला ताणलं. पानांवर अंडी घालणाऱ्या पाकोळ्या बाहेरच राहिल्या, कोबीचे गड्डे भरू लागले. लोक कौतुकाने बघायला येत, पण माझं मन थाऱ्यावर नव्हतं. रोज सकाळी करिश्मा पाणी घालायला वाकली की तिच्या हातांवर डास चावल्याच्या नव्या गांधी दिसत. ओरडून सांगावंसं वाटे, पण जाळीला तोंड कुठून असणार!

एका सकाळी पाणी घालायला कोणीच आलं नाही. पोर घरात थंडीतापाने कुडकुडत होती. बुधरीताईंनी तिच्या बोटाचं रक्त तपासलं. मी परसातून कान देऊन ऐकत होते.

"मलेरिया हाये, सुकरी. गोळी एकही चुकवू नको. अन् मच्छरदाणी कुठी हाये?"

सुकरी धावतच आली. तिने मला हिसका मारून ओढलं, तशी कमटीत अडकून मी टर्रकन फाटले.

"माय, कोबी उघडी पडन वं!" करिश्मा आतून म्हणाली.

"पडू दे! मले तू पाहिजे," म्हणत सुकरी चिखलातच बसून रडली.

आता मी पुन्हा खाटेवर आहे. पोरीचा ताप अजून चढतो-उतरतो. मला पडलेलं भोक सुकरी मुठीत आवळून बसली आहे. मित्रांनो, कोबी पुढच्या हिवाळ्यात पुन्हा लावता येते. तुमच्या घरी माझी एखादी बहीण असेल, तर तिला खाटेवरून हलवू नका. आणि कोणाजवळ सुईदोरा असेल तर लवकर आणा, संध्याकाळ होत आली आहे.