जावईबापूंची नळी

आमच्याकडे जावयाला चूक दाखवत नाहीत. मारेगावच्या माझ्या आत्याच्या नवऱ्याने डावा बैल उजवीकडे जुंपला, तरी आजोबा ‘वा’ म्हणाले होते. बैलबंडी नाल्यात गेली, पण मान राहिला.

यंदा दिवाळीत आमचे जावई रजत इंजिनवर उडणारं खेळण्यातलं हेलिकॉप्टर घेऊन आले आणि सगळ्या गल्लीला खळ्यावर बोलावून बसले. टाकीतली, इंजिनला तेल पोचवणारी मऊ नळी फाटलेली निघाली. त्या नळीच्या टोकाला वजन असतं. टाकीतलं तेल जिकडे सरकेल, तिकडे ते वजन नळीला ओढून नेतं. हे सकाळी त्यांनीच मला तासभर समजावलं होतं. आता त्यांनी आमच्या फवारणीच्या पंपाची कडक नळी कापून बसवली.

“ते काठीसारखी कडक आहे, वळन कशी?” मी आमच्या ह्यांना हळूच म्हटलं.

“तू गप राय. जावई आहेत ते.”

“मामाजी, कशी बसली?”

“एक नंबर, जावईबापू.”

हेलिकॉप्टर वर गेलं, टाळ्या पडल्या. त्यांनी नाक खाली करून पुढे नेलं तसं तेल टाकीत पुढे गेलं आणि नळी मागेच ताठ राहिली. इंजिन बंद पडलं. हेलिकॉप्टर तुरीत कोसळलं.

“वारा लय होता,” हे म्हणाले.

तुरीचं पानही हलत नव्हतं.

“हो, वाराच,” जावईबापू म्हणाले आणि तुकडे वेचू लागले. तेवढ्यात ह्यांनी घरातून उरलेली कडक नळी आणून त्यांच्या हातात दिली.

“राहू द्या, पुढच्या खेपेले कामी येईन.”