बसकीची रेघ

खलाशांच्या संघटनेच्या कचेरीत सेक्रेटरींनी काचेच्या पेटीवरचं फडकं बाजूला केलं आणि आक्काच्या अंगाचा तिळपापड झाला.

जहाज तिचंच होतं. हातभर लांबीचं, फळांच्या खोक्याच्या फळ्या तासून, एकेक पट्टी वाफेवर वाकवून बसवलेलं. डोलकाठ्या तिच्या, मेण चोळलेल्या दोऱ्याचे दोरखंड तिचे, तारेचा नांगर तिचा, शेंगेच्या टरफलाएवढी होडीसुद्धा तिचीच. सुकाणूच्या चाकाचे आठ दांडे तिने तीन केसांच्या कुंचल्याने रंगवले होते, तेही श्वास रोखून, कारण मध्येच श्वास सोडला की दोन दांड्यांचा एक दांडा होतो. चौदा महिने डोळ्यांची माती केली होती बाईने. पण पोटावरची ती पांढरी रेघ? ती काही तिची नव्हती.

"ही रेघ कोणाच्या बापाने मारली?"

थोरला खोकला. हा तिचा मुलगा, जन्मभर खुर्चीत बसून कागद काळे करणारा. "आई, हळू बोल. पाहुणे यायचे आहेत."

"येऊ देत. बहिरे आहेत का ते?"

जहाजाच्या अंगाला वर काळा रंग, खाली तांबडा, आणि दोन्ही मिळतात तिथे पांढरी रेघ. जहाज पाण्यात कुठवर बुडायचं, ते ती रेघ सांगते. आक्काने मारलेली रेघ मागच्या टोकाला चांगली खाली उतरत होती. आणि ही? पट्टी लावून आखल्यासारखी सरळ, शाळेच्या वहीतल्यासारखी.

"परवा तू दवाखान्यात गेलीस ना, तेव्हा हे सेक्रेटरी साहेब घरी आले होते," थोरला जमिनीकडे बघत म्हणाला. "म्हणाले, सगळं झकास आहे, फक्त रेघ जरा वाकडी झालीय. वयोमानाने हात थरथरतो एखाद्याचा. मग मी तुझ्या रेघेच्या खाचेत लांबीचा लगदा भरला, घासला, चिकटपट्टी लावून रेघ सरळ रंगवून टाकली. तुझं नाव खराब होऊ नये म्हणून गं."

"वयोमानाने!" आक्काचा आवाज छताला लागला. "अरे, मुंगीच्या पायात वाळे घालीन अजून या हाताने! आणि तू कोण रे लांबी भरणारा? घरातली खिडकी रंगवायला सांगितली तर काचाच रंगवून ठेवल्या होत्यास. साहेब, तुम्ही तरी. समुद्र कॅलेंडरवर बघितलात आणि रेघेतलं कळायला लागलं तुम्हाला?"

सेक्रेटरी जुन्या खलाशांच्या संघटनेचे खरे, पण त्यांचा सगळा जन्म हिशेबाच्या टेबलाशी गेलेला. ते नरमाईने म्हणाले, "आक्का, रागावू नका. पाटी बघा तरी." पेटीखाली पितळी पाटी चमकत होती. आक्काला अक्षर लावून लावून वाचावं लागे. तिने ओठ हलवत वाचलं: 'जिच्या हाताची रेघ कधी चुकली नाही, त्या गोदीतल्या रंगारीण आक्का यांनी बनवलेले जहाज.'

"तुम्हीच सांगितलंत, मी लिहून घेतलं. मग अशा पाटीवर वाकडी रेघ कशी शोभेल?"

आक्काने पाटीवरून नजर काढून घेतली.

बावीस वर्षं तिने गोदीत जहाजं रंगवली होती. बाकीच्या रंगारणी पातळी बघायला पाण्याची नळी धरून, दोरी ताणून रेघ आखायच्या. आक्का नुसत्या नजरेने खडू ओढायची आणि वर म्हणायची, दोरी आंधळ्यांना लागते. हे छोटं जहाज ज्याच्यावरून केलं, त्या खऱ्या जहाजाचंही तिने तसंच केलं. जहाज ठोकळ्यांवर सरळ टेकवलेलं होतं, पण गोदीची फरशीच मागे उतरती होती. फरशीच्या कलाने तिची नजर फसली, खडू फसला. तिच्या नवऱ्याने, त्या जहाजाच्या सुताराने, बायकोच्या खडूवर डोळे मिटून विश्वास ठेवला आणि पटाशीने खाच पाडून मोकळा झाला. लाकडात पडलेली खाच, ती कोण पुसणार? दरवर्षी नवा रंग चढायचा तो त्याच खाचेवर. जहाज पाण्यात उतरलं आणि सगळ्यांना दिसलं, मागे रेघ पाण्याखाली जात होती. रिकामं असलं तरी बूड टेकून बसल्यासारखं दिसे. प्रत्येक बंदरात अधिकारी हटकायचे, मागे माल जास्त भरलाय म्हणून. त्या जहाजाचं नावच बसकी पडलं.

कोणाचं काम म्हणून चौकशी झाली, तेव्हा नवरा एवढंच म्हणाला, "पटाशी माझी आहे." आणि आक्का गप्प राहिली. एक दिवस, एक वर्ष, मग तो गेला तरी गप्पच.

हे छोटं जहाज करताना मात्र तिने खाच होती तशीच पाडली. खोटं जहाज बनवायला तिचा हात धजेना. पण रेघ कोणाची, हे सांगायला जीभही धजली नव्हती.

दारात काठी वाजली. बसकीचा तांडेल आला होता. पंचवीस वर्षं तिच्या खलाशांवर याचाच आवाज चालायचा. त्याने पेटीभोवती दोन फेऱ्या मारल्या, चष्मा पुसून पुन्हा बघितलं.

"सुरेख हो, वहिनी! काय बारीक काम! कुठलं जहाज म्हणायचं हे?"

"कुठलं म्हणजे?" आक्काला वाटलं, आपल्या पायाखालची फळीच निघाली. "भावजी, बसकी आहे ही."

"हॅ! ही कसली बसकी? बसकीला मी धुक्यातसुद्धा बुडावरून ओळखायचो. ही तर नवऱ्या मुलीसारखी ताठ उभी आहे." मग त्याला एकदम उमगलं आणि तो खो खो हसला. "अच्छा, सुताराची चूक सुधारलीत होय! बरं केलंत. जिवंतपणी त्याला एक रेघ सरळ पाडता आली नाही, मेल्यावर तरी पडली!"

सेक्रेटरीही हसले. थोरलाही हसला, आपलं काम कोणाला तरी आवडलं म्हणून.

"हसू नका!" आक्का कडाडली. "दात पडले तरी अक्कल आली नाही एकालाही! सुताराची चूक म्हणे. त्याने ठोकळा चुकवला नाही की पटाशी चुकवली नाही. खडूची रेघ मी ओढली होती. मी! नळी घे म्हणाला होता तो. दोनदा म्हणाला. मी म्हटलं, आंधळी आहे का मी? त्या खाचेत माझी मस्ती भरलेली आहे, आणि शिव्या तो खात राहिला. तुमच्या, मालकाच्या, बंदरातल्या पोरासोरांच्या. तोंडातून ब्र नाही काढला त्याने. आणि मी बसले मिठाची गुळणी धरून!"



"पण आक्का," सेक्रेटरी पाटीकडे बोट दाखवत चाचरले, "हे आता पितळेत कोरलंय."

"मग उपटा! मी सांगितलं ते खोटं सांगितलं, तुम्ही लिहिलंत ते खोटं लिहिलंत. दोघांनी मिळून ताम्हण घासलं आणि चमकलं म्हणून देव म्हणालो! पेटी उघडा."

"अहो, अर्ध्या तासात उद्घाटन आहे."

"उघडता की फोडू?"

सेक्रेटरींनी किल्ली लावली. आक्काने अंबाड्यातला आकडा उपसला, खुर्ची ओढली आणि जहाज मांडीवर घेतलं. थोरल्याला म्हणाली, "बघत काय बसलास? घरून कुंचला आणि रंगाच्या तिन्ही डब्या आण. धावत जा, आणि येताना काही सुधारू नकोस."

थोरला पळाला. आक्काने मागच्या टोकापासून आकड्याने लांबी टोकरायला सुरुवात केली. पांढरा भुगा लुगड्यावर पडू लागला. बोटभर टोकरल्यावर जुनी खाच उघडी पडली, तिरपी, खोल, तशीच. पोराने वरवर भरली होती, कामचुकार कुठला. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या कामचुकारपणाचं तिला बरं वाटलं.

जिन्यावर पाहुण्यांच्या चपला वाजायला लागल्या. सेक्रेटरी हात चोळत त्यांना अडवायला धावले.

तांडेल काठीवर वाकून ती खाच बघत होता. त्याचा चेहरा उतरला होता. "वहिनी," तो म्हणाला, "पंचवीस वर्षं शिव्या घातल्या हो मी त्याला. भर चौकात. तुमच्यादेखत."

"मग आता मला घाला," आक्का मान वर न करता म्हणाली. "पण आधी बाजूला व्हा, उजेड अडवताय."