गोदूच्या नावापाशी

"गला बसलाय, बाय. दुसरा काय न्हाय," कमळ म्हणाली.

"मावशी, गळा नाही, फुफ्फुस. टीबी आहे," डॉक्टर क्षिप्रा हळू म्हणाल्या.

खारेपाटातल्या आगरी लग्नांत कमळ उभा जन्म धवले गात आली होती. धवलारणीचा घसा लगीनसराईत बसायचाच, म्हणून दोन महिने तिने खोकल्यावर ज्येष्ठमध चघळला. रोजची मशेरी, चुलीचा धूर, अंगातली साखर, सगळे नामानिराळे. दोष बिचाऱ्या गाण्याला!

"पूर्ण बरं होतं. पण सहा महिने एकही गोळी चुकवायची नाही. आणि सुरुवातीला काही आठवडे माणसांत बसायचं नाही."

"परवा मृणालीची हलद हाय!"

मृणाली म्हणजे शेजारच्या विनेशची आईवेगळी पोर. धवलारीण नवरीला खेटून बसते, आणि घरातल्या गेलेल्या माणसांना नावं घेऊन हळदीला बोलावते. मृणालीच्या आईला, गोदूला, कमळच बोलावणार होती. गोदू तिची जिवाभावाची मैत्रीण. गावात दुसरी धवलारीण उरलीच नव्हती.

संध्याकाळी विनेश आला. सगळं ऐकून म्हणाला, "वयनी, कोनाला सांगू नको. गोली घे नि बस. तुज्याबिगर हलद कशी व्हईल?"

कमळला मोह झाला. अगदी मनापासून झाला. पण गाताना पोरगी कशी तोंडाजवळ तोंड आणून ऐकते, ते तिला आठवलं.

"न्हाय, विनेश. मी कुंपनाबाहेरशी गाईन."

हळदीच्या दिवशी विनेशने डीजे थांबवला. नाकातोंडावर मास्क, वरून पदर, अशी कमळ कुंपणाबाहेर उभी राहिली. देवांना बोलावलं, मृणालीच्या आजा-आजीला बोलावलं. गोदूच्या नावापाशी आली आणि खोकल्याची उबळ आली. नाव काही निघेना.

हळदीने माखलेली मृणाली पाटावरून उठून धावली. कमळने हात आडवा केला आणि मागे सरली.

"तिकरंच ऱ्हा, बाय!"

"काकी, आयचा नाव ऱ्हायला."

कमळने मान हलवली. बोलायला गेली तर पुन्हा खोकलाच आला. तेवढ्यात गाणं संपलं असं समजून डीजेवाल्याने आवाज सोडला. बायका नाचायला उठल्या, मृणालीला कुणीतरी हाताला धरून पाटाकडे नेलं. तिने दोनदा मागे वळून पाहिलं.

कमळ तिथेच उभी होती. पदराआड तिचे ओठ हलत होते.