जानेवारीचा अंक

ग्रंथपाल बू वुर्यानी (बू म्हणजे बाई) कुणाला 'नाही' म्हणत नाही, हे विद्यापीठात सगळ्यांना ठाऊक होतं. ग्रंथालयामागच्या कँटीनकडे बघून ती नुसती मान हलवी, की कँटीनवाली यू त्रिमाह गरम मेंदोआनची बशी घेऊन हजर. तेंपेचे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वडीचे, रुंद पातळ काप, पिठात बुडवून अर्धेच तळलेले, हातात धरले की लोंबणारे, आणि वर हिरव्या मिरच्या. ज्याच्यापुढे बशी आली त्यानं काय ते समजून घ्यायचं. जावा बेटावरच्या बान्युमासमध्ये वडीलधाऱ्यांना तोंडावर नकार देत नाहीत, पण वडीलधाऱ्यांना डोळे असतात असं धरून चालतात.

प्राध्यापक पाक दर्योतोंपुढे (पाक म्हणजे सर) बशी आली तेव्हा ते खुर्चीत नीट टेकलेही नव्हते.

"अगं वुर, अजून मी काही मागितलंसुद्धा नाही!"

"मागणार आहात ना, पाक. अंकाबद्दल."

"तुला कोण म्हणालं?"

"कॅलेंडर म्हणालं. जुलै लागला, जानेवारीचा अंक कुठंय?"

पाक दर्योतो हसले आणि त्यांनी एक काप उचललाच. आंबवलेल्या पदार्थांवरची त्यांची संशोधनपत्रिका बान्युमासबाहेरही नावाजलेली होती. पूर्वी ती छापली जायची आणि तिचे गठ्ठे विभागाच्या कपाटात वाळवीच्या स्वाधीन व्हायचे. वुर्यानीनं ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर विद्यापीठाच्या सगळ्या पत्रिका चालवायचं ठरवलं, लेखकाकडून पैसे नाहीत, वाचणाऱ्याकडून नाहीत, ज्याला हवं त्यानं उघडावं आणि वाचावं, तेव्हा बाकीचे संपादक नाकं मुरडत बसले. पहिली पत्रिका आणून दिली ती पाक दर्योतोंनी. मग एकेक करत सगळे आले. त्यामुळे या माणसाला नुसत्या बशीवर वाटेला लावणं तिला जड जात होतं.

"अंक तयार आहे," त्यांनी गळ्यातला पेनड्राइव्ह काढून टेबलावर ठेवला. "सगळे लेख तपासून झालेत. तू फक्त तारखेच्या चौकटीत जानेवारी घाल."

"जुलैत निघालेल्या अंकावर?"

"छापायचो तेव्हा काय वेगळं करत होतो? अंक ईदनंतर यायचा, मुखपृष्ठावर जानेवारी. कुणाची तक्रार नव्हती."

"वाळवीची नव्हती, पाक."

"चेष्टा पुरे." त्यांनी बोटं पुसली. "पुढच्या महिन्यात पत्रिकांची मूल्यांकन समिती बसतेय. वर्षाला दोन अंक, वेळेवर. जुलै दिसला की आपली श्रेणी घसरली. श्रेणी घसरली की ज्यांना बढती हवी ते लेख दुसरीकडे पाठवणार. डिसेंबरात मी निवृत्त होतोय, वुर. पत्रिका होती तशी पुढच्याच्या हातात द्यायची आहे मला. एवढंच."

वुर्यानीनं कँटीनच्या दिशेनं पाहिलं. यू त्रिमाह दुसरी बशी घेऊन निघाली.

आता मात्र ते चिडले. "मला मेंदोआन खाऊ घालून मारणार आहेस का? नसेल जमत तर सांग. सेमारांगला माझा पुतण्या असली संकेतस्थळं चालवतो. पत्रिका तिकडे नेतो. तो तारखा विचारत नाही."

हे ऐकून यू त्रिमाहसुद्धा दारातच थबकली. वुर्यानीला पुढचं सगळं दिसलं. पाक दर्योतो गेले तर बाकीचे संपादक विचारणार, का गेले? मग काही त्यांच्यामागे जाणार, आणि उरलेले आपापला जानेवारी मागत येणार. पण एकदा खोटी तारीख घातली, तर या संकेतस्थळावरच्या कुठल्याच तारखेवर कुणी का विश्वास ठेवावा? दर्योतोंना गमवावं लागलं तरी ती एक चौकट ती बदलणार नव्हती. तिच्या मनात याबद्दल जराही चलबिचल नव्हती. फक्त वाईट वाटत होतं.

"या अंकात तुमचाही लेख आहे ना?" तिनं विचारलं.

"पहिलाच. खाजकुइलीच्या बिया. वाहत्या पाण्यात राखेसकट भिजवल्या की विष झपाट्यानं उतरतं आणि तेंपे सुरेख लागतं. हे आजवर कुणी मांडलेलं नाही."

"एप्रिलपर्यंत नव्हतं मांडलं," असं म्हणत तिनं संगणकाचा पडदा त्यांच्याकडे वळवला.

आपल्या पत्रिकेतल्या लेखांचा आधार कुणी कुठे घेतलाय हे वुर्यानी अधूनमधून शोधत असे. बागेत लावलेलं झाड कुणाच्या कुंपणापलीकडे गेलंय ते बघावं, तसं. पडद्यावर तिमोर बेटावरच्या एका पत्रिकेतला एप्रिलमधला लेख होता. लेखिका युब्लिना तेफनाय. विषारी रानघेवडा, वाहता झरा, राख.

पाक दर्योतोंनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. वाचता वाचता त्यांचे कान लाल झाले. "हिनं माझं चोरलं!"

"तुमचा लेख बाहेर आलाच कुठंय चोरायला? खाली जा, पाक. आणखी खाली."

खाली आधारग्रंथ होते. त्यांत सर्वांत वर त्यांचाच नदीत बिया भिजवण्यावरचा जुना लेख, ग्रंथालयाच्या पत्त्यासकट. आणि शेवटी आभाराची ओळ होती: आमच्याकडे या विषयावरचं एवढं एकच काम विनामूल्य वाचायला मिळालं, तिथूनच सुरुवात केली.

यू त्रिमाहनं बशी हळूच टेबलावर ठेवली आणि मुद्दाम तिथंच रेंगाळली.

"जानेवारी घातला," वुर्यानी हलकेच म्हणाली, "की ही पोर तुमच्या मागं पडली. आधी केलं तिनं आणि नाव राहिलं तुमचं. तुमचंच वाचून शिकलेली मुलगी, पाक."

"कळलं गं. मी म्हातारा आहे, आंधळा नाही." त्यांनी पेनड्राइव्ह उचलला, गळ्यात घातला, पुन्हा काढला. "लेखात हिचा उल्लेख करावा लागेल. ते 'आजवर कुणी नाही' काढावं लागेल."

"मग लेख परत तपासायला जाईल."

"म्हणजे आणखी उशीर."

"आणखी उशीर. आणि श्रेणी घसरणार, हे मी गोड करून सांगणार नाही. कुलगुरूंना मीच कळवते, तुम्हाला आणि नव्या संपादकाला त्यांच्यापुढे उभं राहायला नको. चढायला वर्ष-दोन वर्षं लागतील. आम्ही चढवू."

"चढवशील," ते कुरकुरले. "तू डोंगरसुद्धा अर्ज करून हलवशील."

त्यांनी तिथूनच युब्लिनाला अभिनंदनाचं पत्र पाठवलं. सकाळी तिचं उत्तर आलं. वाकून नमस्कार, दोन ओळी भरून आनंद, आणि मग एक प्रश्न: तुमच्या नदीच्या पाण्याचा वेग किती होता? जुन्या लेखात दिलेला नाही. माझा झरा मंद आहे, म्हणून विचारते.

पाक दर्योतो तणतणत ग्रंथालयात आले. "वेग विचारते! मला! तिच्या जन्माआधीपासून मी बिया भिजवतोय!"

"मग किती होता?"

"मोजलाच नव्हता," ते म्हणाले आणि स्वतःवरच खेकसले. "मोजायला हवा होता. निघालो मी. बियांच्या टोपल्या गाडीत टाकल्यात."

ते जिना उतरेपर्यंत वुर्यानी पत्रिकेच्या पहिल्या पानावर सूचना लिहायला बसली. सरकारी भाषेत दोन वेळा लिहिली, दोन्ही वेळा खोडली. मग लिहिलं: जानेवारीचा अंक उशिरा येत आहे. संपादक नदीवर मोजमाप करत आहेत. ज्या तारखेला निघेल तीच तारीख अंकावर असेल.

चष्मा विसरला म्हणून पाक दर्योतो परत आले आणि तिच्या खांद्यावरून वाचू लागले.

"हे काढ. समिती हसेल."

"का, खोटं आहे?"

त्यांनी पुन्हा वाचलं, चष्मा चढवला, आणखी एकदा वाचलं.

"'संपादक'च्या जागी नाव घाल," ते म्हणाले. "कोण नदीवर आहे ते कळू दे लोकांना."